खुनाची गोष्ट कुठल्या चालीत गायची?

चैत्र-वैशाखात यात्रांचा हंगाम लागला की वाळवा, तासगाव, कराड, खटाव या पट्ट्यात तमाशाचे तंबू पडतात. यात्रा कमिटीची पंचमंडळी सुपारी ठरवताना फडमालकाला हटकून विचारतात, "यंदा वग कुठला?" वग म्हणजे तमाशातलं गोष्टीचं नाटक. देवादिकांच्या वगाला आता फारसं गिऱ्हाईक नाही. ऐतिहासिक वग चालतो. पण कनातीबाहेरसुद्धा माणसं ताटकळत उभी राहतील अशी गर्दी खेचतो तो पोस्टरवर 'सत्य घटनेवर आधारित' असं लिहिलेला वग, आणि ती सत्य घटना बहुतेक वेळा खुनाची असते. भाऊबंदकीतला खून, संशयातून झालेला खून, सुडाचा खून.

गावातली समंजस माणसं, म्हणजे मास्तर, निवृत्त फौजदार, महिला मंडळाच्या बायका, म्हणतात की हे बंद करा, पोरं बिघडतात. मी त्यांच्या बाजूचा नाही. खुनाची गोष्ट कवीनं सांगितलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. कोर्टात काय सिद्ध झालं ते निकालपत्रात असतं. गावानं काय पाहून न पाहिल्यासारखं केलं, सासरच्यांनी किती वर्षं काय दाबून ठेवलं, कोण कुणाला भ्यालं, हे मात्र कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. ते गाण्यात येऊ शकतं. माझं भांडण वेगळं आहे. आपण या गोष्टी ज्या चालीत गातो ती चालच मारणाऱ्याकडं झुकलेली आहे. शाहिरांनी, वग लिहिणाऱ्यांनी, संगीत नाटक करणाऱ्यांनी त्या चालीचा विचार केल्याशिवाय असल्या विषयाला हात घालू नये.

पोवाड्याची बांधणीच बघा. आज हाती असलेला सगळ्यांत जुना पोवाडा अज्ञानदासाचा, १६५९ मधल्या अफजलखानाच्या वधावरचा. एका माणसाचा मृत्यू हाच त्याचा कळस. पुढं शेकडो पोवाडे त्याच वळणावर रचले गेले. शाहीर ओळ टाकतो, मागचे झीलकरी तिचे शेवटचे शब्द उचलून 'जी जी रं जी' करत वर नेतात, आणि धृपदात ज्याचं नाव आहे ते रात्रभर कानावर आदळत राहतं. घाव जवळ आला की डफ घाईला येतो, तुणतुण्याची तार एकसारखी झणझणते, शाहीर एका दमात चार ओळी ओढतो आणि एकदम थांबतो. त्या थांबण्यात पुढची पोरं उठून उभी राहतात. घाव बसल्याचे शब्द नंतर येतात, शिट्टी आधी पडते.

राज्य वाचवणाऱ्याच्या गाण्याला हे साजतं. पण बायकोच्या डोक्यात कुऱ्हाड घालणाऱ्या नवऱ्याची गोष्ट त्याच बांधणीत बसवली तरी डफ तसाच तापतो, थांबाही तिथंच येतो आणि शिट्ट्याही तशाच पडतात. शेवटच्या कडव्यात कवी हात जोडून सांगतो, दारू सोडा, संशय सोडा. त्याचा हेतू चांगलाच असतो. पण ऐकणाऱ्याच्या अंगानं जो काय कौल द्यायचा तो केव्हाच देऊन टाकलेला असतो.

मिरज तालुक्यातल्या एका गावात असाच एक वग बघायला बसलो होतो. ज्या पोरीची ती गोष्ट होती तिचं माहेर शेजारच्याच वाडीत, ओढ्यापलीकडं. भोंग्याचा आवाज वाऱ्यावर तिथवर सहज जात होता. सोंगाड्या तिच्या नवऱ्याच्या मिशीची आणि चालण्याची नक्कल करत होता, तंबू खदखदून हसत होता. पोरीच्या वाट्याला दोन प्रवेश. एकात ती पाण्याला जाते, दुसऱ्यात मरते. नवऱ्याला गाणी होती, दिराला होती, हवालदारालासुद्धा एक होतं. तिला नव्हतं. गाडीवरून घरी येताना हे ध्यानात आलं, आणि तेव्हापासून कुठलाही असला वग, पोवाडा किंवा नाटक बघताना मी एवढं एकच बघतो, की मेलेल्याला गाणं आहे का?

या कसोटीला आमच्याकडची फार मोठी नावं उतरत नाहीत. वाळवा तालुक्यातल्या बोरगावचे बापू बिरू वाटेगावकर कोण, हे कृष्णाकाठी कुणाला सांगावं लागत नाही. खून, मग बरीच वर्षं फरारी, जन्मठेप, सुटून आल्यावर लोकांना चार चांगल्या गोष्टी सांगत फिरणं, आणि जानेवारी २०१८ मध्ये निधन. त्यांच्यावर तमाशाचे वग झाले, सिनेमा झाला, गाणी तर किती झाली त्याला गणती नाही. आयाबहिणींच्या अब्रूसाठी हत्यार उचललेला माणूस ही त्यांची ख्याती. ती सगळी पोकळ होती असं मी म्हणणार नाही. ज्या बाईला ठाण्याची पायरी चढून उपयोग नव्हता तिला डोंगरातला फरारी जवळचा वाटला, तर तिला बोल कसा लावायचा? पण मी ऐकलेल्या गाण्यांत त्या बाया कुठं आहेत? एकीचंही म्हणणं नाही, एकीचंही घर नाही. बापूंना बंदूक उचलायला कारण मिळावं एवढ्यापुरतीच बाई त्या गाण्यात येते. त्यांच्या हातून जे मेले त्यांच्या बायकापोरांचं तर नावच काढू नका.

इथं कुणी म्हणेल, मग सरकारनंच गुन्हेगारांच्या गौरवावर बंदी घालावी. याला माझा पक्का विरोध आहे, आणि त्याचं कारण याच मातीत आहे. गुन्हेगार कोण हे सरकारवर सोपवलं असतं तर आमच्या अर्ध्या इतिहासाला गाणंच उरलं नसतं. उमाजी नाईकांना इंग्रजांनी १८३२ मध्ये फासावर चढवलं ते दरोडेखोर म्हणून. १८७१ ते १९५२ गुन्हेगार जमाती कायदा होता. जन्माला आलेलं पोर गुन्हेगार ठरवून अख्ख्या जमातीला हजेरी द्यायला लावणारा तो कायदा. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. त्याच्या गावागावांत क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. १९४३ मध्ये शेणोलीजवळ पगाराचे पैसे नेणारी रेल्वे लुटली, १९४४ मध्ये धुळ्याचा खजिना लुटला. सरकारी दप्तरात हे सगळे दरोडे. शाहिरांनी ते तसे गायले नाहीत म्हणून ते आज आपल्याला ठाऊक आहेत. सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' हे पौराणिक नाटक, पण त्यातला कीचक व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनसारखा दिसतो म्हणून १९१० मध्ये त्यावर बंदी आली. बंदीचं हत्यार एकदा हातात आलं की ते कुणावर चालतं हे आपण बघून बसलो आहोत.

आजही महाराष्ट्रात नाटकाची संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं जाते. मंडळ शब्द बघतं. डफ कुठं तापणार आणि झीलकरी कुठलं नाव उचलून धरणार हे संहितेत लिहिलेलं नसतं. म्हणून ही जबाबदारी रचणाऱ्याचीच आहे, ती दुसऱ्या कुणाला पेलणारी नाही.

हे जमतं का? जमतं, आणि मोठ्या कवींनी ते करून दाखवलं आहे. रॉबर्ट ब्राउनिंग या इंग्रज कवीला १८६० मध्ये फ्लॉरेन्सच्या बाजारात एका लिराला जुन्या कागदांचं पिवळं पडलेलं बाड मिळालं. त्यात १६९८ मधल्या रोममधल्या एका खटल्याची कागदपत्रं होती. एका सरदारानं भाडोत्री माणसं घेऊन आपल्या बायकोला आणि तिला वाढवणाऱ्या आईबापांना भोसकलं होतं. ब्राउनिंगनं त्यावर एकवीस हजारांहून जास्त ओळींचं बारा भागांचं काव्य लिहिलं, ते १८६८-६९ मध्ये छापून आलं. गोष्ट एकच, पण प्रत्येक भागात सांगणारा वेगळा. नवऱ्याची बाजू धरणारं निम्मं रोम, बायकोची बाजू धरणारं निम्मं रोम, दोन्हीकडचे वकील, निवाडा करणारा पोप. नवऱ्याला तर दोनदा बोलायला मिळतं. पण मधे एक अख्खा भाग त्या सतरा वर्षांच्या पोम्पिलियाचा आहे. अंगावरच्या जखमांनी ती मरणाला टेकली आहे, पंधरा दिवसांचं पोर मागं आहे, आणि ती स्वतःच्या तोंडानं सांगते आहे. ते वाचल्यावर नवऱ्याचं दुसऱ्यांदा बोलणं आपण पूर्वीच्या कानांनी ऐकूच शकत नाही.

दुसरं उदाहरण ऑपेराचं. जर्मनीतल्या लाइपझिगला १८२१ मध्ये वॉयझेक नावाच्या एका माजी शिपायानं आपल्या प्रेयसीला भोसकून मारलं. त्याचं डोकं ठिकाणावर होतं का यावर डॉक्टरांचे अहवाल झाले आणि १८२४ मध्ये भर चौकात त्याचं मुंडकं उडवलं गेलं. ब्यूखनर या तरुण लेखकानं त्या प्रकरणावर नाटक लिहायला घेतलं, ते अपुरं ठेवून १८३७ मध्ये तो गेला. आल्बान बेर्ग या संगीतकारानं त्या अपुऱ्या नाटकाचा 'वोत्सेक' हा ऑपेरा केला आणि डिसेंबर १९२५ मध्ये तो बर्लिनला उभा राहिला. त्यात खुनी आहे, त्याचं दारिद्र्य आहे, त्याला घेवडा खायला घालून त्याच्यावर प्रयोग करणारा डॉक्टर आहे, त्याला टाकून बोलणारा कॅप्टन आहे. खुन्याबद्दल कणव वाटावी असं सगळं आहे. पण मरणाऱ्या मारीलाही बेर्गनं अंगाई दिली आहे, रात्री दिव्यापाशी बायबल वाचताना तिचं मन खातं तो प्रवेश दिला आहे. आणि दोघंही गेल्यावर शेवटचा प्रवेश त्यांच्या लहानग्या पोराचा आहे. इतर पोरं येऊन त्याला सांगतात, तुझी आई मेली. ते काठीच्या घोड्यावर खेळत राहतं आणि मग इतरांच्या मागं जातं. खुनाच्या गोष्टीचा शेवट खुन्याच्या मरणावर करायचा नाही, मागं कोण उरलं त्याच्यावर करायचा, हे बेर्गला कळलं होतं. आमच्या वगात शेवटी फाशी तरी होते, नाहीतर पोलिसांशी चकमक. पोरकं झालेलं पोर मी अजून कुठल्या वगात बघितलेलं नाही.

हे शिकायला बर्लिनपर्यंत जायचीही गरज नाही. सांगलीतून सकाळी फिरायला निघालेली माणसं कृष्णा-वारणेच्या संगमापर्यंत जातात, त्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल. त्यांचं 'संगीत शारदा' १८९९ मधलं. पैसे मोजून म्हाताऱ्यानं कोवळी पोर लग्न करून घरी आणणं हा तेव्हा कायद्यानं गुन्हा नव्हता. बालविवाह प्रतिबंधक कायदा यायला १९२९ उजाडलं. म्हणून देवलांच्या नाटकातलं लग्न कायद्यानं मोडत नाही, सगोत्र निघालं म्हणून मोडतं. पण नाटकाचं नाव काय आहे? भुजंगनाथ नाही, पोरीला विकणारा कांचनभट नाही, शारदा. गाणी तिला आहेत, तिच्या मैत्रिणींना आहेत. नाट्यगृहातून बाहेर पडणारा बाप तिची चाल गुणगुणत घरी जायचा, आणि घरी त्याची स्वतःची आठ वर्षांची मुलगी असायची. ज्याला अजून कुणी गुन्हा म्हणत नव्हतं त्याला देवलांनी चालीच्या जोरावर गुन्हा करून दाखवलं. सांगलीला आपण नाट्यपंढरी म्हणतो ते विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या 'सीतास्वयंवरा'मुळं. माझ्या लेखी 'शारदा' हे तितकंच मोठं कारण आहे.

सातारा जिल्ह्याचंही एक नातं या विषयाशी आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, घाट आहे. नानांच्या कारभारात पुण्याचा कोतवाल असलेल्या घाशीरामानं कोठडीत कोंडलेले ब्राह्मण गुदमरून मेले आणि १७९१ मध्ये संतापलेल्या जमावानं घाशीरामाला ठेचलं. विजय तेंडुलकरांनी त्यावर लिहिलेलं 'घाशीराम कोतवाल' डिसेंबर १९७२ मध्ये रंगमंचावर आलं. कीर्तन, लावणी, अभंग, सगळ्या आपल्याच चाली. त्यातला मोठा चमत्कार म्हणजे माणसांची भिंत. ओळीनं उभे राहून गाणारे-नाचणारे ब्राह्मण गरज पडेल तसे नानांना आडोसा करतात, पाठ फिरवतात, काही दिसलं नाही असं दाखवतात. पोवाड्यात झीलकरी नायकाला साथ देतात, इथं साथ देणारेच आरोपी झाले. बघणाऱ्याला शिट्टी मारायला जागाच उरली नाही, कारण शिट्टी मारली तर आपणही भिंतीत उभे आहोत हे कळतं. खऱ्या गुन्ह्यावरचं मराठी संगीत नाटक यापेक्षा वर गेलेलं मला माहीत नाही.

आणि त्या नाटकावर वादळ कशावरून उठलं? नानांची बदनामी झाली म्हणून, एका जातीची बदनामी झाली म्हणून. एवढा विरोध झाला की ते करणाऱ्या संस्थेला प्रयोग थांबवावे लागले, मग थिएटर अकॅडमीनं ते पुन्हा उभं केलं. एकशेऐंशी वर्षांपूर्वी कोठडीत गुदमरून मेलेल्यांच्या वतीनं मात्र कुणी बोललं नाही. हे नेहमीच असं होतं. हरकत येते ती मोठ्यांच्या नावासाठी. मेलेल्यांच्या घरच्यांना कुणी विचारत नाही आणि त्यांना विचारायला सुचतही नाही.

जुन्या गोष्टीत ते एकवेळ चालेल. नव्या गोष्टीत चालणार नाही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये वाईतून एकापाठोपाठ एक खुनांचं प्रकरण बाहेर आलं. टीव्हीवाल्यांनी आरोपीला 'डॉक्टर डेथ' हे नाव दिलं. ते नाव आज साताऱ्यातल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. ज्यांचे मृतदेह उकरून काढावे लागले त्यांच्यापैकी एकाचं तरी नाव आठवतं का, हे चारचौघांत विचारून बघा. रीलवाल्यांचं तर सगळं दुकानच हत्यार, गाडी आणि मागं वाजणारी हलगी एवढ्यावर चालतं. कवी जर तेच करणार असेल तर त्यानं लेखणी ठेवावी.

खटला चालू आहे तोवर त्या घटनेला यमकात बांधू नये. कारण साक्षीदार याच गावात राहतो, तोही यात्रेला येतो आणि तंबूत कुठल्या बाजूनं हशा पिकतो हे त्याला ऐकू येतं. बलात्काराच्या प्रकरणात तर पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नं गुन्हाच आहे, पीडित हयात नसली तरी ते बंधन सुटत नाही. नाव बदललं पण गाव, साल, आडनावाचं पहिलं अक्षर तसंच ठेवलं, ही पळवाट आमच्या फडांवर सर्रास चालते. ती कायद्याच्या डोळ्यात धूळ आहे आणि घरच्यांच्या जखमेवर मीठ. पण याहून मोठी गोष्ट कायद्यात नाही. लिहिण्याआधी मेलेल्याच्या घरी जाऊन बसावं. परवानगीचा कागद घ्यायला नव्हे, ऐकायला. तिला काय आवडायचं, ती कशी हसायची, कुणावर रागवायची, हे त्या घराशिवाय कुठं मिळणार? ते मिळालं की तिला गाणं द्यायला शब्द सापडतात. घरच्यांनी दार लावून घेतलं तर परत यावं. लिहायला विषय दुसरेही आहेत.

चालच बदलायची तर परंपरा आड येत नाही. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी तमाशाचं लोकनाट्य करताना गणात गणपतीच्या जागी मायभूमीला आणि शिवरायांना वंदन घातलं, गवळण काढून टाकली. शेकडो वर्षांची घडी त्यांनी मोडली आणि कामगारांनी ती डोक्यावर घेतली. मग खुनाच्या वगातून डफ काढून ओवी आणायला काय हरकत आहे?

मला एक विषय कित्येक वर्षं सोडत नाही. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला बेकायदा गर्भपातात एका विवाहितेचा जीव गेला. त्या मृत्यूचा तपास करताना पोलिसांना ओढ्याकाठी १९ भ्रूण सापडले. एका होमिओपॅथी डॉक्टरला अटक झाली, पेपरांत मथळे झाले, मंत्री येऊन गेले. यावर कुणी पोवाडा केला नाही, आणि होणारही नाही. पोवाड्याला नाव लागतं, मिशी लागते, पाठलाग लागतो. इथं जे मेले त्यांना नावंच नव्हती. पण जात्यावरच्या ओवीत मोजणीची जुनी रीत आहे, पहिली माझी ओवी, दुसरी माझी ओवी, असं करत बाई देवापासून भावापर्यंत एकेकाच्या नावानं ओवी घालत जाते. म्हैसाळवर लिहायचं तर ते असं लिहावं. एकोणीस ओव्या, आणि विसावी त्या विवाहितेची. एकीत सोनोग्राफी कुणी केली ते यावं, एकीत गाडी कुणी ठरवली ते, एकीत सासू काय म्हणाली ते, एकीत 'पोरगीच आहे' हे ऐकल्यावर नवऱ्यानं खाली घातलेली मान. जातं गेलं, पण लग्नाच्या घाण्याला आमच्याकडच्या बायका अजून ओव्या म्हणतात, त्यांचे गळे शाबूत आहेत. ढोलकी, हलगी काही नको. आणि याला तिकीट लावायचं ठरलं तर पैसा कुणाकडं जाणार तेही आधी सांगावं.

असं काही उभं राहिलं आणि सांगलीच्या भावे नाट्यगृहात किंवा साताऱ्याच्या शाहू कला मंदिरात लागलं, तर पहिली हरकत येईल ती गावाची बदनामी होते ही. सरपंच येतील, एखादी संघटना निवेदन देईल, पोलीस आयोजकांना सामोपचारानं घ्या म्हणतील. अशा वेळी आयोजकांनी एकच विचारावं, तुम्ही कुणाच्या वतीनं आलात? त्या विवाहितेच्या आईनं 'नको' म्हटलं असेल तर पडदा वर जाता कामा नये, मग हजार तिकिटं विकली गेली असली तरी पैसे परत करावेत. पण ती गप्प असताना गाव बोलत असेल तर प्रयोग व्हावा. गावाची जी काही नाचक्की व्हायची ती मार्च २०१७ मध्ये ओढ्याकाठी होऊन गेली आहे, ओव्यांनी तिच्यात भर पडत नाही.